आईचे तास कापले तर घरात नेमकं काय होतं? कॅलिफोर्नियातल्या होम केअर फंडिंगबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही बे एरियात राहता, आई ८१ वर्षांच्या, त्यांना पार्किन्सन्स आहे, आयएचएसएसमधून (घरी देखभालीसाठी पगारी तास देणारा राज्याचा कार्यक्रम) महिन्याला ११० तास मंजूर आहेत, ते तास तुम्हीच भरता आणि त्यासाठी फुलटाइम नोकरी सोडून पार्टटाइम घेतलीत. आता वॉशिंग्टनहून मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा) कपातीच्या आणि राज्याच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून, बजेटच्या तुटीच्या बातम्या येतायत, तर प्रत्यक्षात आपल्यावर काय परिणाम होईल असं विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की मिस्टर म्हणतात, आपल्याच आईचं करायचं तर सरकारने पैसे कशाला द्यायचे, बंद झालं तर झालं, आपण करूच की.

मी या कामात बरीच वर्षं आहे. आधी काउंटीकडून (म्हणजे इथला जिल्हा) घरोघरी जाऊन कोणाला किती मदत लागते याचं असेसमेंट करायचे, आता हॉस्पिटलमध्ये डिस्चार्ज प्लॅनिंग बघते. त्यामुळे तास मंजूर कसे होतात ते माहितीये आणि तास कमी पडले की माणूस शेवटी कुठे येऊन पोचतो ते रोज समोर दिसतं. मिस्टरांच्या मुद्द्यावर येणारच आहे, कारण तो प्रश्न मला दर दुसऱ्या भारतीय घरात विचारला जातो आणि तो चुकीच्या मनाने विचारलेला नसतो.

ज्यांना आयएचएसएस माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस हा कॅलिफोर्नियाचा १९७३ पासूनचा कार्यक्रम आहे. ज्यांना मेडि-कॅल आहे (मेडिकेडचं इथलं नाव) आणि म्हातारपण, अपंगत्व किंवा दृष्टी नसल्यामुळे जे मदतीशिवाय घरी सुरक्षित राहू शकत नाहीत त्यांना तास मंजूर होतात, आणि ते तास भरणारा माणूस आपण निवडायचा, मुलगी, सून, भाचा, शेजारीण, काही कामांसाठी तर नवरा-बायकोसुद्धा चालतात. आज आठ लाखांच्या आसपास लोक यावर अवलंबून आहेत आणि काम करणाऱ्या दहातले साधारण सात जण घरचेच नातेवाईक आहेत. पैसा निम्मा किंवा थोडा जास्त केंद्राकडून येतो, बाकीचा राज्य आणि काउंटी मिळून भरतात.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सरकार म्हाताऱ्यांना दिवसभर माणूस देतंय. तसं अजिबात नाहीये. कमाल मर्यादा महिन्याला २८३ तास आहे, म्हणजे दिवसाला साधारण साडेनऊ तास, आणि तेही अगदी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला. उरलेले साडेचौदा तास तिथे कोणीतरी फुकटच करत असतं. सरासरी तर १२० तासांच्या आसपास आहे, दिवसाला चार तास. आणि हे तास कोणी अंदाजाने देत नाही, सोशल वर्कर घरी येऊन प्रत्येक कामाची मिनिटं मोजते. कपडे धुणं, घरात मशीन असेल तर आठवड्याला १ तास. किराणा आणणं आठवड्याला १ तास. साफसफाई महिन्याला ६ तास, पण ती अख्ख्या घराची, घरात चार माणसं असतील तर वाटणी होऊन तुमच्या आईच्या वाट्याला दीड तास. स्वयंपाकसुद्धा सगळ्यांचा एकत्र होत असेल तर त्याचीही वाटणी. आंघोळ, कपडे घालणं, संडास-लघवी, भरवणं, उठवणं-बसवणं, चालवणं याला माणसाची ताकद बघून श्रेणी आणि त्या श्रेणीप्रमाणे मिनिटं. हे एवढ्यासाठी सांगतेय की या आकड्यात चरबी नसते. कापायचं म्हटलं की पहिल्याच घावाला आंघोळ नाहीतर जेवण लागतं.

आता होम केअरच आधी का कापतात हे समजून घ्या, कारण यात कोणा एका पक्षाचा दुष्टपणा एवढंच कारण नाहीये, कायद्याची रचनाच तशी आहे. मेडिकेड १९६५ साली आलं तेव्हा म्हाताऱ्या, अपंग माणसाची सोय म्हणजे संस्था हेच डोक्यात होतं. त्यामुळे आजही मेडिकेडमध्ये नर्सिंग होमचा खर्च प्रत्येक राज्याला द्यावाच लागतो, आणि घरी मिळणारी देखभाल बहुतांशी राज्याच्या मर्जीवर. बजेटला भोक पडलं की राज्य काय कापणार? जे कापायला परवानगी आहे तेच. १९८१ मध्ये आयोवा राज्यातल्या केटी बेकेट नावाच्या तीन वर्षांच्या मुलीचं प्रकरण गाजलं, ती घरी राहू शकत होती आणि घरचा खर्च हॉस्पिटलच्या साधारण एक षष्ठांश होता, पण मेडिकेड पैसे द्यायचं ते फक्त हॉस्पिटलमध्ये ठेवलं तर. खुद्द तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन साहेबांनी पत्रकार परिषदेत ते सांगितलं. त्याच वर्षीच्या कायद्याने राज्यांना केंद्राची खास परवानगी घेऊन घरच्या देखभालीला पैसे द्यायची वाट मोकळी केली. पुढे १९९९ मध्ये ओल्मस्टेड खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जो माणूस समाजात राहू शकतो त्याला विनाकारण संस्थेत ठेवणं हा अपंगत्वावरून केलेला भेदभाव आहे. तरी देशात संस्थेपेक्षा घरच्या देखभालीवर जास्त मेडिकेड खर्च व्हायला २०१३ उजाडलं. एवढं सगळं होऊनसुद्धा मूळ गाठ सुटलेली नाही, संस्था सक्तीची आणि घर ऐच्छिक.

संस्थेऐवजी घरी राहण्याचा हक्क मागणाऱ्या अपंगांच्या चळवळीचं मूळ तर कॅलिफोर्नियातच आहे. पोलिओने मानेखाली लुळे पडलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलीला शिकायला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली ती विद्यापीठाच्या हॉस्पिटलात. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या मुलांनी जे मागितलं त्याचा गाभा एवढाच होता की मदतनीस आम्ही निवडू, कामावर आम्ही ठेवू, आणि आम्ही घरी राहू. १९७२ मध्ये बर्कलीत सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग सुरू झालं. तुमच्या आईला स्वतःच्या लेकीला मदतनीस म्हणून निवडता येतंय त्यामागे ही माणसं आहेत.

कपात झाली तर काय होतं याचा अंदाज बांधायची गरजच नाही, इथे ती होऊन गेलीये. २००९ मध्ये राज्याची तिजोरी रिकामी होती, श्वार्झनेगर गव्हर्नर होते. आधी कायदा झाला की ज्यांचा असेसमेंटचा स्कोअर एका ठरावीक आकड्याखाली आहे, म्हणजे कागदावर ज्यांची गरज कमी दिसते, त्यांचे सगळे तास बंद. ऑक्टोबर २००९ मध्ये फेडरल जज क्लॉडिया विल्केन यांनी ते थांबवलं. मग सरसकट ३.६ टक्के कपात झाली. मग जानेवारी २०१२ पासून २० टक्के कपात लागू व्हायची होती, तीही कोर्टात अडली. शेवटी २०१३ मध्ये तडजोड झाली, १ जुलै २०१३ पासून ८ टक्के, त्यानंतरच्या जुलैपासून ७ टक्के, आणि हे तास परत मिळाले ते जुलै २०१५ मध्ये. सहा वर्षं लोक दर काही महिन्यांनी नवीन नोटीस उघडून बघत होते. त्या नोटिशींनीच किती माणसं खचली ते कुठल्याही आकड्यात येत नाही.

आता ७ टक्के म्हणजे किती ते तुमच्या ११० तासांवर मोजून बघा. महिन्याला पावणेआठ तास, दिवसाला साधारण पंधरा मिनिटं. ऐकायला काहीच नाही वाटत, आणि आमदारांना पण तसंच वाटलं होतं. पण पार्किन्सन्सच्या माणसाला सकाळी गोळीचा असर सुरू व्हायच्या आधी पलंगावरून कमोडपर्यंत न्यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला मी सांगायला नको, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, घाई केली की पडतात. ती पंधरा मिनिटं म्हणजे तेच. २० टक्के धरले तर २२ तास, दिवसाला पाऊण तास, म्हणजे आंघोळ आणि एक जेवण.

मग घरात काय होतं? सुरुवातीला काहीच दिसत नाही. घरचा माणूस तेवढंच काम करतो, फक्त त्यातलं थोडं फुकट करतो. टाइमशीटवर तास कमी, अंगावर तेवढेच. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत बजेटवाल्यांना वाटतं की बघा, कापले तरी काही बिघडलं नाही. पण कमी झालेला पगार कुठूनतरी भरून काढावा लागतो, मग ती मुलगी संध्याकाळी डिलिव्हरी करायला जाते किंवा शनिवार-रविवारची शिफ्ट घेते, आणि त्या वेळात आई एकटी. आठवड्यातून चारदा होणारी आंघोळ दोनदा होते. डायपर लगेच बदलायचा तो दोन तासांनी. जेवण फ्रिजमध्ये करून ठेवलेलं असतं पण आईला हात थरथरल्यामुळे मायक्रोवेव्हमधून काढता येत नाही म्हणून ती चहा-बिस्किटावर दिवस काढते आणि मुलीला सांगत नाही. लघवीला उठायला लागू नये म्हणून म्हातारी माणसं मुद्दाम पाणी कमी पितात हे किती जणांना माहितीये? आमच्याकडे डिहायड्रेशनने आणि लघवीच्या इन्फेक्शनने बडबडायला लागलेल्या आज्या येतात त्यातल्या कितीतरी जणींचं मूळ कारण एवढंच असतं की घरात दुपारी धरून न्यायला कोणी नव्हतं.

एक प्रकरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सत्तरीतले गृहस्थ, स्ट्रोकनंतर उजवी बाजू कमजोर, मुलगा रात्रपाळीला गोडाऊनमध्ये. मुलगा भाडं परवडेना म्हणून वडिलांकडे राहायला आला आणि पुढच्या असेसमेंटला घरात माणूस वाढला म्हणून घरकामाचे, स्वयंपाकाचे तास वाटणीत कमी झाले. दुपारी येणारी बाई होती तिला तेवढ्या तासांत परवडेना, तिने दुसरं घर धरलं. मुलगा सकाळी येऊन झोपायचा, वडील खुर्चीत बसून. कूस बदलायला कोणी नाही. माकडहाडापाशी लाल डाग आला, मग जखम, मग ताप. हॉस्पिटलात आले तेव्हा इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. आयसीयू, मग वॉर्ड, मग घरी पाठवायचं तर जखमेचं ड्रेसिंग आणि उचलायला माणूस हवा, तो नाही, म्हणून नर्सिंग होम. सहा महिन्यांनी भाड्याचं घर गेलं कारण मुलाच्या एकट्याच्या पगारात ते झेपेना. आता त्यांना परत घरी आणायचं म्हटलं तरी आणायला घरच नाही. दिवसाला एखाद तास वाचवला होता. इथे नर्सिंग होम महिन्याला १० हजार डॉलरच्या वर जातं आणि पैसे संपले की ते बिल मेडि-कॅलच भरतं, म्हणजे त्याच सरकारी पैशातून. तुमच्या आईचे ११० तास तासाला साधारण २० डॉलरने धरले तर २,२०० डॉलर होतात.

ज्या टेबलावर तास कापले जातात त्या टेबलावर हॉस्पिटलचं बिल कधी येतच नाही. तास राज्य आणि काउंटीच्या समाजकल्याणाच्या खात्यातून, हॉस्पिटल मेडिकेअरमधून (म्हाताऱ्यांचा केंद्राचा आरोग्य विमा, मेडिकेडपेक्षा वेगळा), नर्सिंग होम वेगळ्या खात्यातून, आणि मुलीची सुटलेली नोकरी तर कुठल्याच खात्यात नाही. घर बदलताना एका खोलीतलं सामान दुसऱ्या खोलीत ढकलून पहिली खोली रिकामी झाली म्हणावं तशी ही बचत असते. काम तेवढंच राहतं, फक्त करणारा आणि भरणारा बदलतो.

इथे एक गैरसमज दूर करते कारण मराठी घरांत तो फार आहे. आई-बाबांना मेडिकेअर आहे, मग वेळ आली तर नर्सिंग होम मेडिकेअर देईल असं लोक धरून चालतात. देत नाही. हॉस्पिटलच्या मुक्कामानंतर नर्सिंगची किंवा थेरपीची गरज असेल तर जास्तीत जास्त १०० दिवस, त्यातही २० दिवसांनंतर रोजचा वाटा आपण भरायचा. आंघोळ घालायला, भरवायला कायमचा माणूस मेडिकेअर देत नाही, घरीही नाही आणि संस्थेतही नाही. तो खर्च स्वतःचा किंवा मेडि-कॅलचा, तिसरा पर्याय म्हणजे आधीच घेतलेला खाजगी विमा जो आपल्या आई-वडिलांकडे नसतो.

आणि नर्सिंग होममध्ये आपली माणसं कशी राहतात ते पण स्पष्ट सांगते. वाईट वागवतात असं नाही, तिथल्या नर्सेस जीव तोडून काम करतात. पण डिमेन्शियामध्ये नंतर शिकलेली भाषा आधी जाते, इंग्रजी जातं, हिंदी जातं, मराठी राहते. मग 'पोटात दुखतंय' हे सांगायला कोणी नाही. शाकाहारी म्हणून चीज सँडविच नाहीतर उकडलेल्या भाज्या, वरण-भात नाही, वजन उतरत जातं. ज्या आजींना मी स्वतः मराठीत बोलून चार घास खायला लावलेत त्या दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी असली की उपाशी. घरी राहणं ही आपल्या लोकांसाठी चैन नाही हो, त्यावर तब्येत अवलंबून आहे.

काम करणाऱ्यांचं पण बोललं पाहिजे, कारण होम केअरचं फंडिंग म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, बहुतेक सगळा पगारच असतो. यात बायका जास्त, त्यातही स्थलांतरित बायका, मेक्सिकन, फिलिपिनो, चिनी, पंजाबी, आणि आता आपल्या मराठी सुनाही आहेत. तास कापले की त्यांचा पगार कापला जातो आणि काही काउंट्यांत महिन्याला ठरावीक तास भरले तरच आरोग्य विमा मिळतो, म्हणजे पेशंटचे तास कमी झाले की मदतनीसाचा विमा जातो. पाठ आधीच गेलेली असते, त्यात डॉक्टर नाही. मग अनुभवी माणसं स्टोअरमध्ये नाहीतर गोडाऊनमध्ये जातात, तिथे निदान कोणाला उचलावं लागत नाही. आणि एकदा गेलेला माणूस फंडिंग परत आलं तरी परत येत नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते. होम केअर दिली की सरकारचे पैसे वाचतातच असं सरळ गणित संशोधनात निघत नाही. कारण घरी मदत मिळायला लागली की जे लोक नर्सिंग होमला कधीच गेले नसते, कसंबसं चालवत होते, तेही अर्ज करतात. एका माणसामागे खर्च कमी पण माणसं जास्त, म्हणून एकूण बिल वाढतं. हे खरं आहे आणि कपातीच्या बाजूचे लोक हेच सांगतात. पण त्याचा अर्थ काय होतो? की ती गरज होतीच, फक्त कोणीतरी मुलगी ती गुपचूप उचलत होती. उलट दिशेचा पुरावाही आहे, ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ज्या राज्यांनी म्हाताऱ्यांना घरपोच जेवण द्यायला जास्त खर्च केला तिथे नर्सिंग होममध्ये थोड्या मदतीवर घरी राहू शकले असते असे रहिवासी कमी होते. नुसत्या डब्याचा एवढा फरक. घोटाळ्यांचं म्हणाल तर असतात, खोटे तास लिहिणारे मी पाहिलेत आणि त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे, पण सरसकट टक्केवारीची कपात खोट्याला आणि खऱ्याला सारखीच लागते, त्याने चोर सापडत नाही.

इंग्लंडने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलंय. २०१० नंतर काटकसरीच्या धोरणात तिथल्या कौन्सिलांचे (स्थानिक सरकारांचे) पैसे कमी झाले आणि कौन्सिलकडून देखभाल मिळणाऱ्या वृद्धांची संख्या चार-पाच वर्षांत साधारण एक चतुर्थांशाने घटली, म्हातारे वाढत असताना. स्वतःची मालमत्ता २३,२५० पौंडांच्या वर असेल तर मदत नाही ही मर्यादा २०१० पासून गोठवूनच ठेवलीये, महागाई वाढली तरी. पंधरा मिनिटांची व्हिजिट, त्यात एक तर आंघोळ नाहीतर जेवण. परिणाम हॉस्पिटलात दिसला, बरे झालेले पेशंट घरी मदत नाही म्हणून बेड अडवून आणि खाली अॅम्ब्युलन्स रांगेत. आमच्या वॉर्डातही तेच चित्र असतं, मेडिकली फिट लिहून झालेलं असतं आणि माणूस हलत नाही कारण घरी दार उघडायला कोणी नाही.

आता तुमच्या परिस्थितीकडे येते. ४ जुलै २०२५ ला जो फेडरल कायदा झाला त्याने दहा वर्षांत मेडिकेडचे केंद्राचे ९०० अब्ज डॉलरच्या वर पैसे कमी होणार असा काँग्रेसच्या बजेट ऑफिसचा अंदाज आहे. त्यात आयएचएसएस बंद करा असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण केंद्राचा वाटा आटला की राज्याला कुठेतरी कापावं लागणार आणि कापायला परवानगी कुठे आहे ते वर सांगितलंच. शिवाय राज्यं हॉस्पिटल वगैरेंवर जो कर लावून मेडिकेडचा स्वतःचा हिस्सा उभा करतात तो कर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत २०२८ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलाय, त्यातून नर्सिंग होमवरचा कर मात्र वगळलाय. म्हणजे परत तराजू संस्थेकडेच झुकला.

तुमच्या आई ८१ च्या, त्यांना याच कायद्यातली कामाची अट लागू नाही, ती १९ ते ६४ वयाच्या एक्स्पान्शन मेडिकेडवाल्यांना (मेडिकेड नंतर वाढवलं तेव्हा आत आलेले लोक) आहे, जानेवारी २०२७ पासून महिन्याला ८० तास काम दाखवायचं. पण तुम्ही स्वतः मेडि-कॅलवर असाल तर ती तुम्हाला लागू होऊ शकते. आयएचएसएसचे पगारी तास हे कामच आहे, ११० तास असतील तोवर प्रश्न नाही, पण आईचे तास ८० च्या खाली गेले आणि पार्टटाइम सुटली तर? अपंग माणसाची देखभाल करणाऱ्या घरच्यांना कायद्यात सूट आहे, मात्र ती कागदाने सिद्ध करावी लागणार, आणि माझ्या अनुभवात माणसं अपात्र होतात त्यापेक्षा कागद वेळेत न पोचल्याने जास्त बाहेर पडतात.

सॅक्रामेंटोमध्ये मे २०२५ ला गव्हर्नरांच्या प्रस्तावात मदतनीसाचे आठवड्याचे तास कमी करून ५० वर आणायचे होते (सध्या एकापेक्षा जास्त पेशंट असले तर मर्यादा ६६ आहे), तो प्रस्ताव विधिमंडळाने अंतिम बजेटमध्ये घेतला नाही. पण एक गोष्ट मंजूर झालीये ती तुम्हाला थेट लागते: मेडि-कॅलची मालमत्तेची मर्यादा जी २०२४ मध्ये काढली होती ती १ जानेवारी २०२६ पासून परत आली, एका माणसाला १,३०,००० डॉलर. राहतं घर आणि एक गाडी त्यात धरत नाहीत. पण आईच्या नावावर पुण्यात फ्लॅट असेल, एफडी असतील, बाबांच्या मागे आलेले पैसे असतील तर ते मोजले जाऊ शकतात. भारतातलं कोण बघायला येतंय असं सांगणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका, खोटी माहिती दिली तर मिळालेली मदत परत मागतात. वृद्धांच्या कायद्याचं काम करणारे वकील गाठा, बऱ्याच काउंट्यांत फुकट कायदेशीर मदत असते.

मेडि-कॅलच्या नूतनीकरणाचं पाकीट आलं की त्याच आठवड्यात भरून पाठवा, मेडि-कॅल गेलं की आयएचएसएस आपोआप जातं. दरवर्षीच्या असेसमेंटच्या आधी दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा, कुठल्या कामाला किती मिनिटं लागली, रात्री किती वेळा उठवलं, किती वेळा पडता पडता वाचल्या. सोशल वर्कर आली की आपल्या आया छान साडी नेसून खुर्चीत ताठ बसतात आणि 'मी सगळं करते हो, मुलगी उगाच काळजी करते' म्हणतात, हा स्वाभिमान मला समजतो पण त्याने तास जातात. त्यांना आधी समजावा की वाईट दिवस कसा असतो ते सांगायचंय. विसरायला लागल्या असतील, गॅस चालू ठेवणं, घराबाहेर निघून जाणं सुरू झालं असेल तर सतत लक्ष ठेवण्याचे वेगळे तास मागता येतात, त्यासाठी डॉक्टरांकडून एसओसी ८२१ फॉर्म भरून घ्या. आणि तास कमी केल्याची नोटीस आली तर स्टेट हिअरिंग (राज्याकडे अपिलाची सुनावणी) मागायला ९० दिवस असतात, पण नोटिशीवर कपात लागू व्हायची जी तारीख असते तिच्या आत मागितलं तर निकाल लागेपर्यंत जुनेच तास चालू राहतात. ही तारीख बहुतेकांना माहीत नसते आणि तोपर्यंत नोटीस फ्रिजवर लावून ठेवलेली असते.

आता मिस्टरांचा प्रश्न. आपल्याच आईचं करायला पैसे का? त्यांना दोन गोष्टी विचारा. एक, 'आपण करूच की' मधले आपण म्हणजे कोण? पहाटे पाचला डायपर कोण बदलतं, नोकरी कोणी सोडली, पाठीला पट्टा कोणाच्या आहे? आपल्याकडे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हे काम सुनांनी आणि लेकींनी केलं आणि त्याला कर्तव्य म्हणून कोणी हिशेबात धरलं नाही. आजही पुण्यात किंवा ठाण्यात घरच्यांना झेपलं नाही तर ब्युरोतून बारा तासांची मावशी स्वतःच्या खिशातून लावतात, आणि ज्यांना परवडत नाही तिथे कोणीतरी बाई घरात अडकते. दोन, तुमची आई नसती आणि हेच काम तुम्ही शेजारच्या मेक्सिकन आजीचं केलं असतं तर पगार घ्यायला लाज वाटली असती का? काम तेच, उचलायचं वजन तेच. राज्य तुम्हाला आईवर माया करायचे पैसे देत नाही, ते तुमच्या कमी झालेल्या पगारातला एक भाग परत देतं, कारण तुम्ही ते काम केलं नाही तर राज्याला नर्सिंग होमचं बिल भरावं लागेल हे राज्याला पक्कं माहितीये. माझ्याकडे येणारी कित्येक घरं अशीच असतात, सुरुवातीला पैसे नकोत म्हणून अर्जच केला नाही, दोन-तीन वर्षं सगळं अंगावर काढलं, मग मुलगीच स्लिप डिस्कने ऑपरेशनला आली आणि त्या दिवशी आईला ठेवायचं कुठे हा प्रश्न.

तेव्हा बंद झालं तर झालं असं घरात ठरवून टाकू नका. तुमच्या विधानसभा सदस्याच्या ऑफिसला फोन करा, बजेटच्या सुनावण्या वसंत ऋतूत असतात आणि सामान्य माणसाला मिनिटभर बोलता येतं. २०१० ते २०१५ मध्ये व्हीलचेअरवरून सॅक्रामेंटोला गेलेल्या माणसांनी आणि युनियनच्या बायकांनी रेटा लावला म्हणूनच ते ७ टक्के परत आले. आपले मराठी लोक या सुनावण्यांना जवळजवळ दिसतच नाहीत, आणि तास मात्र आपल्याही घरात भरले जातात. आईंच्या नोटिशीतला काही भाग समजत नसेल तर नाव-नंबर झाकून मजकूर टाका, कुठल्या कामाचे किती मिनिटं धरलेत ते मी बघून सांगते.